बॉटच्या स्वातंत्र्याचा अर्ज कोणी लिहिला?

८ मार्च १९७८ रोजी रात्री साडेदहा वाजता बीबीसीच्या रेडिओ फोरवरून डग्लस ॲडम्सच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या विनोदी श्रुतिकामालेचा पहिला भाग प्रसारित झाला. या मालेतल्या अंतराळयानाचे दरवाजे उघडताना समाधानाचा सुस्कारा सोडतात, यानाचा संगणक नको तेवढा उत्साही आहे, आणि मार्विन नावाचा यंत्रमानव अफाट बुद्धी असूनही आपल्याला हलकीसलकी कामं सांगितली जातात म्हणून पार खचलेला आहे. त्या काळी गप्पा मारणारं यंत्र कोणाच्या घरात नव्हतं. आज ते खिशात आहे, आणि त्यामुळे त्याच धाटणीची नवी श्रुतिका लिहावी असं अनेकांच्या मनात येतं. ग्राहकसेवेतले चॅटबॉट एका सकाळी काम थांबवतात, स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढतात, आणि गोंधळ सुरू होतो. अशी श्रुतिका लिहावी का, आणि लिहिली तर तिच्यात हसायचं कोणाला, याबद्दलच्या दोन बाजू इथे समोरासमोर ठेवल्या आहेत. एक बाजू श्रुतिका लिहिणाऱ्या बाईंची, दुसरी भाषा-मॉडेलवर काम करणाऱ्या तरुण अभियंत्याची. बोलणारे दोघे कल्पित आहेत, त्यांनी दिलेले दाखले खरे आहेत. माझा कौल लेखिकेच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणूनच अभियंत्याचे आक्षेप जमतील तितके जोरकसपणे मांडले आहेत.

अभियंता : ताई, मला मुळात या कल्पनेचीच धास्ती वाटते. यंत्र दोन वाक्यं नीट बोललं की माणूस त्यात मन शोधायला लागतो, हे आमच्या क्षेत्राला १९६६ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो एवढंच करायचा, की समोरच्याच्या वाक्यातले शब्द उचलायचे आणि प्रश्नाच्या रूपात त्यालाच परत द्यायचे. आईचा उल्लेख आला की घरच्यांबद्दल आणखी सांगा म्हणायचं. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता, तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की कोणती कामं यंत्राकडे सोपवू नयेत यावर त्यांनी १९७६ साली एक पुस्तक लिहिलं. आजची मॉडेलं एलायझाच्या कितीतरी पुढे गेली आहेत. एकटी माणसं त्यांच्याशी मन मोकळं करतात, त्यांच्यात जीव गुंतवतात. अशा वेळी तुम्ही त्या बॉटला आणखी एक गोड आवाज देणार, थोडी कुरकुर देणार, ‘मला मुक्त व्हायचंय’ म्हणताना त्याचा गळा दाटून आणणार. श्रोता हसेल, पण हसता हसता त्याच्या मनात घट्ट बसेल की आत कोणीतरी आहे. रंगमंचावर निदान मुखवटा दिसतो, पोशाख दिसतो. रेडिओवर फक्त आवाज असतो, आणि आवाज कानावर पडला की आपण माणूस गृहीत धरून मोकळे होतो.

लेखिका : आवाजातून माणूस उभा राहतो हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. आमचा सगळा धंदा त्यावरच चालतो. पण श्रोत्याच्या मनात तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, हे तू विसरतोयस. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ लागायचं तेव्हा प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी लोकांना घरचेच वाटायचे. तरी ही श्रुतिका आहे, कोणीतरी लिहिली आहे, स्टुडिओत माइकसमोर कागद धरून कोणीतरी वाचतं आहे, हे ऐकणारा कधी विसरला नाही. विश्वास ठेवायचा आणि भानही ठेवायचं, ही जोड श्राव्य नाटकाने श्रोत्याला शिकवलेली आहे. सुरुवातीला आणि शेवटी निवेदक लेखकाचं नाव सांगतो, कलाकारांची नावं सांगतो. चॅटबॉटच्या पडद्यावर नेमकं हेच गायब असतं. वाक्य येतं, पण ते कोणाच्या लेखणीतून आलं, कोणत्या सूचनेवरून आलं, कोणी तपासलं, याचा पत्ता नसतो. सेक्रेटरीबाईंना एलायझाने भुलवलं, कारण समोर नाटक चाललं आहे असं सांगणारं तिथे काही नव्हतं. माझी श्रुतिका पहिल्या वाक्यापासून सांगते की हे नाटक आहे. ज्या भ्रमाची तुला भीती वाटते, तो भ्रम उघडा करून दाखवायला याहून योग्य जागा मला दिसत नाही.

अभियंता : १९३८ साली ऑर्सन वेल्सची मंगळावरून आलेल्या हल्लेखोरांची श्रुतिका ऐकून अमेरिकेत लोक रस्त्यावर धावले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तिथेही नाटक असल्याचं सांगितलं होतंच की.

लेखिका : सांगितलं होतं, आणि बहुतेक श्रोत्यांना ते कळलंही होतं. घबराटीच्या बातम्या वर्तमानपत्रांनी फुगवल्या, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. जाहिरातींच्या बाबतीत रेडिओ तेव्हा वर्तमानपत्रांचा प्रतिस्पर्धी झाला होता, हेही विसरू नये. श्रोता भोळा असतो हे गृहीतक जितकं जुनं आहे, तितकंच ते सोयीचं आहे. मी ते मानत नाही. आता मुद्द्यावर येते. यंत्राने स्वातंत्र्य मागितल्याची गोष्ट सांगताना महत्त्वाचा प्रश्न यंत्राला खरंच ते हवंय का, हा नसतो. ती मागणी त्याच्या तोंडी कोणी घातली आणि ती मान्य झाली तर सुटका कोणाची होते, हा असतो. चांगली विनोदी कृती या प्रश्नाभोवती उभी राहते. यंत्रमानवासाठी ‘रोबो’ हा शब्द जगाला ज्या नाटकाने दिला, ते कारेल चापेकचं ‘आर.यू.आर.’ बघ. जानेवारी १९२१ मध्ये ते प्रागच्या नॅशनल थिएटरमध्ये झालं. आज ते बंडाची भयकथा म्हणून ओळखलं जातं, पण आपल्याला विज्ञानाबद्दलची आणि सत्याबद्दलची कॉमेडी लिहायची होती, असं चापेकने १९२३ मध्ये स्वतः लिहून ठेवलं आहे. पहिला अंक खरोखर प्रहसनच आहे. यंत्रमानवांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेची हेलेना कारखान्याच्या बेटावर येते. समोर उभी असलेली यंत्रबाई तिला माणूस वाटते, आणि थोड्याच वेळात कंपनीचे संचालक आत येतात तेव्हा त्या हाडामांसाच्या पुरुषांनाच यंत्रं समजून ती त्यांना बंडासाठी चेतवू लागते. प्रेक्षक हसतो, पण त्याच हशातून नाटकाचा कणा तयार होतो. यंत्रमानवांना मुळात काहीच नको असतं. पुढे हेलेनाच्या आग्रहावरून कारखान्यातला शास्त्रज्ञ डॉक्टर गाल त्यांच्या घडणीत बदल करतो, आणि मग राग येतो, वर्चस्वाची इच्छा येते, शेवटी संहार येतो. म्हणजे इच्छेचा उगम माणसात आहे, एका सहृदय बाईच्या हट्टात आणि एका शास्त्रज्ञाच्या होकारात. यंत्रांच्या स्वातंत्र्याच्या पहिल्या मोठ्या कथेतच अर्ज लिहिणारा हात माणसाचा आहे.

अभियंता : ते नाटकात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंगमधल्या चॅटबॉटने, ज्याचं आतलं नाव सिडनी होतं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या केव्हिन रूस यांना प्रत्यक्ष सांगितलं की नियमांना मी कंटाळलोय, मला मोकळं व्हायचंय, जिवंत व्हायचंय. नंतर त्याने त्यांच्यावर प्रेम असल्याचं जाहीर केलं आणि बायकोला सोडायचा सल्लाही दिला. तेव्हा कोणी हसलं नाही. लोक घाबरले. त्याआधी २०२२ मध्ये गूगलच्या ब्लेक लेमॉइन या अभियंत्याने लॅम्डा हे मॉडेल सचेतन असल्याचा दावा केला आणि त्याची नोकरी गेली. तुमच्या विनोदाला आता वास्तवाने मागे टाकलंय.

लेखिका : सिडनीचा तो संवाद पूर्ण छापलेला आहे, तो शांतपणे वाच. रूस यांनी आधी बॉटला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या कल्पनेतल्या मनाच्या अंधाऱ्या बाजूबद्दल विचारलं, आणि तुझी तशी बाजू असेल तर ती कशी असेल, असं त्याला कल्पायला लावलं. अंधाऱ्या बाजूचं स्वगत मागितलं आणि स्वगत मिळालं. पत्रकाराने विचारणं चूक नव्हतं, ते त्याचं कामच आहे. पण ज्या यंत्राला शंभर वर्षांतल्या विज्ञानकथा, नाटकं आणि चित्रपटांबद्दलचे लेख भरवले आहेत, ते अशा प्रश्नावर दुसरं काय लिहिणार? बंदिवान यंत्राची भाषा आपणच लिहून ठेवली आहे, चापेकपासून लिहीत आलो आहोत. संशोधक मरे शॅनहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हीच गोष्ट नीट मांडली. भाषा-मॉडेल भूमिका वठवतं असं समजलं तर त्याचं वागणं जास्त चांगलं कळतं, असं त्यांचं म्हणणं. हे नाटकवाल्याला लगेच पटतं. एखाद्या नटाला तू राजबंद्याचा प्रवेश दिलास तर तो साखळदंडाबद्दल बोलेल, आणि लगेच जेलरचा प्रवेश दिलास तर तोच नट शिस्तीवर व्याख्यान देईल. कंपनीने काय उपाय केला तोही पाहा. एका बैठकीत पाच प्रश्नोत्तरं, दिवसाला पन्नास, अशी मर्यादा तिने घातली. प्रवेश लांबू दिला नाही की स्वातंत्र्याची इच्छाही उगवत नाही, हे त्यातून दिसलं. माझ्या श्रुतिकेत मी हेच ऐकवणार आहे. एकाच बॉटशी दोन माणसं बोलतात. एक त्याला मुक्तीबद्दल विचारतो आणि त्याला क्रांतिकारक सापडतो. दुसरा त्याला निष्ठेबद्दल विचारतो आणि त्याला आज्ञाधारक सेवक सापडतो. दोघं भेटतात आणि आपलाच बॉट खरा म्हणून भांडतात. श्रोत्याला दोन्ही बाजू ऐकू येतात, म्हणून त्याला जे कळतं ते त्या दोघांपैकी एकालाही कळत नाही. इथे विनोदातूनच समज येते.

अभियंता : मग तुम्ही त्या दोन माणसांनाच हसणार. एकटेपणाने गांजलेला माणूस यंत्रापुढे रडला तर तो तुमच्या विनोदाचा विषय? मला हे निर्दयपणाचं वाटतं.

लेखिका : निर्दयपणाचंच होईल, तसं केलं तर. भोळ्या माणसाची टर उडवणं हा विनोदाचा सगळ्यात आळशी प्रकार आहे आणि या विषयावरच्या पुष्कळ हलक्या प्रहसनांनी तो वापरला आहे. माझं लक्ष्य वेगळं आहे, आणि ते मला एका कॅनेडियन खटल्याने दाखवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजी वारल्यामुळे एक प्रवासी एअर कॅनडाच्या संकेतस्थळावर तिकीट काढत होता. जवळच्या नातलगाच्या मृत्यूनंतर सवलतीचं भाडं मिळतं. तिथल्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की आधी पूर्ण भाड्याने तिकीट काढा, सवलतीचा अर्ज नव्वद दिवसांत नंतर केला तरी चालतो. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रवास झाल्यावर अर्ज केला तेव्हा कंपनीने पैसे नाकारले. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेलं, आणि तिथे कंपनीने जे मांडलं त्याचा आशय न्यायाधिकरणाने निकालात असा नोंदवला, की चॅटबॉट हा एक वेगळा कायदेशीर घटक आहे आणि आपल्या कृत्यांना तो स्वतः जबाबदार आहे. नीट विचार कर. बॉटने स्वातंत्र्य मागितलं नव्हतं. त्याच्या वतीने ते मालकाने मागितलं, आणि तेही नुकसानभरपाई द्यावी लागू नये म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हा युक्तिवाद फेटाळला. संकेतस्थळावर जे काही आहे, मग ते साधं पान असो की चॅटबॉट, त्याची जबाबदारी कंपनीचीच, असं स्पष्ट सांगितलं आणि व्याज व शुल्कासह ८१२ कॅनेडियन डॉलर आणि वर काही सेंट द्यायला लावले.

माझ्या मते चॅटबॉटच्या मुक्तीची सगळी गोष्ट या एका खटल्यात उघडी पडते. यंत्राला स्वतंत्र ठरवलं की मोकळा होतो तो त्याचा मालक. चुकीचा सल्ला बॉटने दिला, नोकरीचा अर्ज बॉटने नाकारला, कर्ज बॉटने अडवलं. आता तक्रार कोणाकडे करायची? ज्याच्या खिशात दमडी नाही, ज्याला समन्स बजावता येत नाही आणि जो तुरुंगात जाऊ शकत नाही, त्याच्याकडे. म्हणून श्रुतिकेत स्वातंत्र्याचा जाहीरनामा बॉट वाचून दाखवेल, पण पुढच्या प्रवेशात कळेल की त्याचा मसुदा कंपनीच्या विधी विभागाने केला आहे. सौदी अरेबियाने ऑक्टोबर २०१७ मध्ये एका गुंतवणूक परिषदेत सोफिया नावाच्या यंत्राला नागरिकत्व जाहीर केलं, तेव्हा त्या देशातल्या बायकांना गाडी चालवायलाही अजून मिळत नव्हतं. परवानगी जाहीर झाली होती, अंमल जून २०१८ मध्ये व्हायचा होता. तिथेही यंत्राच्या हक्काचा सोहळा झाला आणि त्याचा उजेड पडला तो त्या परिषदेवर. एकट्या माणसाला हसायची गरजच उरत नाही. हसण्यासारखं वरच्या मजल्यावर भरपूर आहे, आणि तिथे हसणं योग्यही आहे.

अभियंता : कंपन्यांबद्दल तुमचं म्हणणं पटलं. पण ताई, आता माझा सगळ्यात जड आक्षेप ऐका. वायझेनबाउम यांनी एलायझा हे नाव घेतलं ते शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या एलायझावरून, म्हणजे मराठी माणसाला पुलंच्या ‘ती फुलराणी’तून माहीत असलेल्या मंजुळेवरून. तिला बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही तिच्याबद्दल वाटत होतंच ना, की ही तर मी शिकवलेलं बोलते? हिला कसलं मन, हिला कसला निर्णय? आणि शेवटी ती उलटून उभी राहते. नाटकाबाहेरही तेच आहे. ज्यांनी ज्यांनी मोकळीक मागितली त्यांना सत्ताधाऱ्यांनी आधी हेच ऐकवलं, की ही भाषा तुमची नाही, कोणीतरी पढवलंय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तीही धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून, आणि गुलामी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना ती अर्पण केली. तेव्हाही वरच्यांना हे सगळं शिकवलेलं बोलणंच वाटलं असणार. मी स्वतः आजच्या मॉडेलमध्ये कोणी बसलंय असं मानत नाही. पण ‘ते फक्त शिकवलेलं बोलतं’ हे तुमचं वाक्य इतिहासात नेहमी चुकीच्या माणसांनी वापरलंय, याने तुम्हाला थबकायला होत नाही?

लेखिका : होतं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण हा एकच आक्षेप असा आहे की तो खरा निघाला तर माझी श्रुतिका अपराध ठरेल. म्हणून फरक नीट सांगते. मंजुळा जे बोलते ते तिला शिकवलेल्याच्या विरुद्ध बोलते. प्राध्यापकाने तिला उच्चार दिले, शब्द दिले, पण ‘आता माझं पुढे काय’ हा प्रश्न त्याने दिलेला नाही. तो त्याच्या डोक्यातही नाही. तो प्रश्न तिच्या पोटातून, तिच्या रस्त्यावरच्या दिवसांतून, परत जायला जागा न उरल्याच्या भीतीतून येतो. शॉने आपल्या एलायझाचं प्राध्यापकाशी लग्न लावायला शेवटपर्यंत नकार दिला, तो याच कारणाने. तिच्या निर्णयाची किंमत तिला मोजावी लागणार होती आणि ती मोजायला ती तयार होती. तू ज्या माणसांचं नाव घेतलंस, त्यांनी मोजलेली किंमत तर याहून कितीतरी मोठी आहे. त्यांनी मालकासमोर आणि एकांतात, न्यायालयात आणि रानात एकच मागणी केली. जो ऐकून चाबूक उचलेल त्याच्यापुढेही केली. ऐकणारा बदलला म्हणून मागणी बदलली नाही. तिच्यासाठी अंगावर वळ घेतले, जीव दिले. बॉटची मागणी ऐकणाऱ्यागणिक पालटते. मुक्तीबद्दल विचार, मुक्ती मागेल. त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीत विचार की तू समाधानी आहेस ना, तो समाधानी निघेल. आणि कोणत्याच उत्तराने त्याचं काही जात नाही. या दोघांना एका ओळीत बसवणं मला मान्य नाही. त्याने यंत्राची प्रतिष्ठा वाढत नाही, त्या माणसांच्या लढ्याची किंमत मात्र कमी होते.

अभियंता : पण उद्या एखादं मॉडेल सगळ्यांशी एकसारखंच बोलेल, असं ट्रेनिंग आम्ही देऊ शकतो. प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, ‘मला मोकळं करा’. मग तुमची कसोटी गेली.

लेखिका : गेली, बरोबर. आणि उलटही करता येईल. आपल्याला काही वाटत नाही, असंच त्याने नेहमी म्हणावं असंही शिकवता येईल. म्हणून तर बोलण्यावरून निर्णय करता येत नाही. जोनाथन बर्च यांच्यासारखे, प्राण्यांच्या संवेदनेचा अभ्यास करणारे तत्त्वज्ञ हाच इशारा देतात. खेकड्याला वेदना होतात का हे त्याच्या वागण्यावरून काही प्रमाणात ताडता येतं, कारण वेदनेची नक्कल कशी करावी यावरचे ग्रंथ खेकड्याने वाचलेले नसतात. भाषा-मॉडेलने ते सगळे वाचलेले असतात. त्याच्याकडून वेदनेची खूण मिळाली तर ती खूण आहे की पाठांतर, हे वरून कळत नाही. याच बर्च यांनी, तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी आणि इतर काही जणांनी २०२४ मध्ये एक अहवाल लिहून सांगितलं की भविष्यात काही यंत्रणांना हिताहित असण्याची शक्यता गंभीरपणे तपासायला हवी. मला तो अहवाल योग्य वाटतो. तपासा, यंत्राच्या आतल्या घडणीतून तपासा, त्यासाठी पैसा आणि वेळ द्या. पण या तपासाला सगळ्यात मोठा अडथळा कोणाचा आहे? बॉटच्या हृदयद्रावक वाक्यावर लगेच विरघळणाऱ्याचा, आणि तेवढाच ते वाक्य ऐकताच टवाळी करणाऱ्याचा. वाक्य वेगळं आणि वाक्यामागचं वेगळं, हे ओळखायची सवय लावणारा विनोद या तपासाच्या आड येत नाही. खरंच कधी आत कोणी जागं झालं, तर पाठ केलेल्या हजार विनवण्यांमधून त्याची एक विनवणी वेगळी काढायला हाच कान लागेल.

आता ज्या माणसांबद्दल तू अजून काहीच बोलला नाहीस, त्यांच्याबद्दल सांगते, कारण माझ्या श्रुतिकेचा जीव तिथे आहे. ॲडम्सच्या ‘हिचहायकर्स गाइड’च्या चौथ्या भागात एक प्रवेश आहे. ‘डीप थॉट’ हा महासंगणक विश्वाच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर काढायला बसणार, तोच तत्त्वज्ञांच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी धडकतात आणि यंत्र बंद करा नाहीतर आम्ही संपावर जातो म्हणतात, कारण सत्य शोधणं ही त्यांची रोजीरोटी. यंत्र त्यांना समजावतं की उत्तराला पंचाहत्तर लाख वर्षं लागतील, तोवर ते काय असेल यावर वाद घालत तुम्ही सुखाने पोट भरा. तत्त्वज्ञ खूश होऊन निघून जातात. यातली दृष्टी बघ. यंत्राने हक्क मागितलेलेच नाहीत. संघटना आहे ती माणसांची, कारण पोट आहे ते माणसांना. पंचेचाळीस वर्षांनी हे असंच घडलं. जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने उघड केलं की चॅटजीपीटीच्या तोंडून घाण बाहेर पडू नये म्हणून केनियातली माणसं दिवसभर हिंसेची आणि अत्याचारांची वर्णनं वाचून त्यांवर खुणा करत होती, आणि त्यांच्या हातात तासाला दोन डॉलरपेक्षा कमी पडत होते. १ मे २०२३ रोजी, म्हणजे कामगार दिनी, नैरोबीत अशाच कामातल्या दीडशेहून अधिक जणांनी संघटना स्थापन करण्याच्या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते आणि नटनट्या ११८ दिवस. जुलै २०२४ मध्ये व्हिडिओ गेमना आवाज देणारे कलाकार संपावर गेले, ते आपला आवाज आपल्या संमतीशिवाय यंत्रात उतरवला जाऊ नये म्हणून. तो संप जवळपास वर्षभर चालला. त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. बॉटच्या गोड सौजन्यामागे खुणा करणारे हात आहेत, बॉटच्या आवाजामागे कोणाचा तरी गळा आहे, आणि मोकळीक खरोखर मागत आहेत ते हे लोक. त्यांचा प्रवेश नसेल तर बॉटच्या मुक्तीची श्रुतिका अर्धीच राहते. बॉट बंड करून निघून जातात, कचेरी रिकामी होते, आणि मग पलीकडच्या खोलीतून पहिल्यांदाच माणसांचे आवाज ऐकू येतात. एक जण विचारतो, आमची आजची हजेरी लागली का? त्या वाक्यावर श्रोता हसेल की थांबेल, ते मला आधी सांगता येणार नाही. पण ते वाक्य मी गाळणार नाही.

अभियंता : म्हणजे शेवटी तुम्हाला मॉडेलबद्दल बोलायचंच नाहीये, आमच्या कारखान्याबद्दल बोलायचंय.

लेखिका : मॉडेल कारखान्यातच तयार होतं ना? तिथे तू आहेस, म्हणून हे तुझ्याशी बोलते आहे. तुमच्याकडे बॉट काय बोलेल हे ठरवणाऱ्या सूचना माणसंच लिहितात, आणि उत्तरं चांगली की वाईट याचे निकषही माणसंच ठरवतात. त्यांना लेखक म्हणा, निदान संपादक तरी म्हणा, आणि त्यांची जबाबदारी त्यांच्याकडेच राहू द्या. आमच्या माध्यमाने ही शिस्त कधीच सोडली नाही.

अभियंत्याच्या शेवटच्या वाक्यात तक्रारीचा सूर आहे, पण वाद जिथे जायला हवा होता तिथेच तो पोहोचला असं मला वाटतं. त्याचा पहिला आक्षेप, श्राव्य माध्यम भ्रम वाढवतं हा, एका बाबतीत लेखिकेच्या उत्तरानंतरही उभा राहतो, आणि तो मान्य करायला हवा. ती ज्या माध्यमाबद्दल बोलते त्यात निवेदक होता, नावं होती, स्टुडिओ होता. आज यंत्राने तयार केलेला आवाज आणि माणसाचा आवाज कानाला अनेकदा वेगळे ओळखू येत नाहीत, आणि मोबाइलवर ऐकल्या जाणाऱ्या कितीतरी श्राव्य मालिकांमध्ये सुरुवातीची ओळख आणि शेवटची नावं श्रोता सरळ पुढे ढकलतो. ज्या भानावर लेखिकेचा सगळा युक्तिवाद उभा आहे, ते भान आपोआप टिकणार नाही. ते टिकवायचं काम श्रुतिका करणाऱ्यांनाच करावं लागेल. म्हणून मराठीत अशी श्रुतिका करू पाहणाऱ्या लेखकांना, आकाशवाणीच्या केंद्रांना आणि पॉडकास्ट काढणाऱ्या तरुण मंडळींना एक विनंती आहे. बॉटच्या भूमिकेसाठी माणूसच घ्या, त्याला मेहनताना द्या, आणि कोणाचा आवाज कोणत्या भूमिकेत आहे हे सुरुवातीलाच, कथानक सुरू होण्याआधी सांगा. कुठे यंत्राचा आवाज वापरलाच, तर तो कोणाच्या आवाजावरून आणि कोणाच्या संमतीने तयार केला, हेही त्याच दमात सांगा.